कर्ज मागितलंच नाही, मग चौकशी कुणाची?



गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मोठ्या मुलीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला. अल्हम्दुलिल्लाह म्हणून मिठाई वाटली आणि दुसऱ्याच दिवशी फीचा कागद हातात आला. घरात दोन रात्री हिशेब चालला. व्याजाच्या कर्जाचा प्रश्नही निघाला. तो प्रश्न प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा, मी आज त्यात शिरत नाही. आमच्याकडे ठरलं ते असं : काही रक्कम माझ्या भाईजानकडून उसनी, काही सोनं मोडून आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेत शैक्षणिक कर्जाचा अर्ज. या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलांच्या अब्बांचं दुकान हंगामी. शाळेची पगारपावती माझी. म्हणून सही मी करायची.

बँकेतल्या साहेबांनी कागद पाहिले, संगणकावर काही तरी उघडलं आणि चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, एवढ्या ठिकाणी कर्ज का मागितलंत?"

मी म्हटलं, "मी? मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही."

"घेतलं नसेल. पण मागितलंय. चार महिन्यांत तुमच्या सिबिलला सहा एन्क्वायऱ्या पडल्यात."

नाव माझं, पॅन माझा, जन्मतारीख माझी. शेजारी मुलांचे अब्बा बसले होते. ते बँकेत एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता एवढंच म्हणाले, "सांगायचं तरी होतंस."

त्या रात्री आमच्या घरात जेवण झालं, पण कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्या उन्हाळ्यात उदगीरला माझ्या अम्मीचं ऑपरेशन झालं होतं. मी माहेरच्यांसाठी गुपचूप पैसे उभे करत होते, असं त्यांच्या मनात आलं. माझा संशय गेला मुलावर. दिवसभर त्याच्या हातात मोबाइल असतो, कुठल्या खेळात पैसे हरला असेल का? मुलाने मान खाली घातली आणि मला वाटलं, तोच चोर. खरं तर पोरगं फक्त घाबरलं होतं.

सहा चौकशांनी एका घरात तीन माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. आणि आपल्या घरांत हा संशय जरा जास्तच बोचतो. व्याजाच्या पैशाला आपण कचरतो, म्हणून कर्ज मागितल्याचा नुसता आरोपसुद्धा इज्जतीवर येतो. लाजेने माणूस गप्प बसतो आणि गप्प बसला की चूक तशीच राहते. म्हणून हे सगळं खुलेपणाने लिहायचं मी ठरवलं.

चौकशी म्हणजे नेमकं काय?

सिबिल हा शब्द आपल्या भागात आता शेतकऱ्यांनाही पाठ आहे. पीककर्जाला सिबिल पाहू नका, असं मुख्यमंत्र्यांना बँकांना बजावावं लागलं, इतका तो गावोगावी पोचला आहे. पण सिबिल हे एका कंपनीचं नाव. ती २००० साली स्थापन झाली. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. यांना पत माहिती कंपन्या म्हणतात. त्यांच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि देखरेख रिझर्व्ह बँकेची. कोणी किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर फेडले का, हे बँका आणि फायनान्स कंपन्या त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. त्यालाच आपण स्कोअर म्हणतो.

या अहवालाच्या शेवटी एक भाग असतो, चौकशांचा. आपण कुठे कर्जाचा अर्ज केला की ती संस्था आपला अहवाल मागवते. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कशासाठी आणि किती रकमेसाठी अहवाल मागवला, हे तिथे नोंदलं जातं. कर्ज मिळो ना मिळो, नोंद राहते.

याचं महत्त्व आम्हा देवणीकरांना समजावायला फार कष्ट नकोत. आमच्या गावाच्या नावाचं गाई-बैलांचं वाण आहे. बैल घ्यायला आलेला माणूस आधी त्याचं तोंड उघडतो, दोनदाती आहे की चारदाती ते बघतो. एकाने दात पाहिले, दुसऱ्याने पाहिले, तर त्यात काही बिघडत नाही. पण एकाच बाजारात दहा जणांनी तोंड उघडून पाहिलं आणि कुणीच दोर हातात घेतला नाही, तर अकरावा म्हणतो, जनावरात काही तरी खोट आहे. चौकशांचं तसंच आहे. एखाद-दुसरीने फारसा फरक पडत नाही. थोड्या दिवसांत पाच-सहा पडल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशाला फार अडलाय, आणि कोणी द्यायला तयार नाही. स्कोअरही थोडा खाली येतो.

आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर मात्र स्कोअर मुळीच कमी होत नाही. ही भीती बऱ्याच जणांना असते, ती काढून टाका. आपल्या बैलाचे दात आपण रोज मोजले तरी त्याची किंमत घटत नाही.

सहा नोंदींचा उलगडा

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मदतीने माझा अहवाल काढला. पैसे लागले नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की प्रत्येक पत माहिती कंपनीने प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल भरायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार मोफत अहवाल. प्रत्येक बँक चारही ठिकाणी चौकशी करते असं नाही, म्हणून एकीकडे दिसलेली चौकशी दुसरीकडे नसू शकते. चारही पाहावे लागतात.

मग जेवणाच्या दस्तरखानावर अहवाल पसरून आम्ही सगळे बसलो. एक वही घेतली. एकेका नोंदीपुढे लिहायचं : तारीख, संस्था, रक्कम आणि त्या दिवशी आपण कुठे होतो. भांडण्यापेक्षा हे काम सोपं निघालं.

पहिल्या तीन नोंदी एकाच दिवसाच्या होत्या, तीन वेगवेगळ्या फायनान्स कंपन्यांच्या. तारीख पाहून मुलगा म्हणाला, "अम्मी, त्या दिवशी आपण उदगीरला मोबाइल बघायला गेलो होतो." आठवलं. दुकानदार म्हणाला होता, "हप्त्यावर बसतंय का, नुसतं बघतो." त्याने माझा पॅन नंबर घेतला, माझ्या मोबाइलवर आलेले ओटीपी मी त्याला वाचून दाखवले. हप्त्याचा हिशेब पटला नाही म्हणून आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. पण त्याच्या नुसत्या बघण्यात माझ्या नावाने तीन अर्ज गेले होते. ओटीपी सांगणं म्हणजे सही करणं, हे मला तेव्हा कळलं.

चौथी नोंद एका पतसंस्थेची नव्हे, बँकेचीच होती, टेंपोच्या कर्जाची. ती पाहून मुलांच्या अब्बांनी घसा खाकरला. त्यांच्या धाकट्या भावाने टेंपो घेतला तेव्हा जामीन म्हणून त्यांनीच माझी सही घेतली होती. "नुसती सही आहे, तुला काही देणं नाही," हे त्यांचेच शब्द. जामीनदाराचाही अहवाल बँक पाहते, आणि भावाने हप्ता चुकवला तर ते कर्ज जामीनदाराच्याच दारात येतं. त्या सकाळी मला "सांगायचं तरी होतंस" म्हणणारा माणूस बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

पाचवी नोंद मुलीची निघाली. तिने माझ्या मोबाइलवर "सिबिल मोफत पाहा" असं एक अ‍ॅप घेतलं होतं. स्कोअर पाहिला तोवर ठीक होतं. खाली लिहिलं होतं, तुमच्यासाठी दोन लाखांची खास ऑफर. किती व्याज आहे ते बघायला तिने बटण दाबलं. ते बटण अर्जाचं होतं.

तर सहांपैकी पाच नोंदी आमच्याच होत्या. चोर कुणीच नव्हता. होती ती बेफिकिरी, आणि ती सगळ्यांची मिळून होती. या पाच नोंदी काढून टाकता येत नाहीत, कारण त्या खऱ्या आहेत. आमची संमती होती, मग ती न समजता दिलेली का असेना. आपण चुकून दिलेल्या संमतीला खोटी नोंद म्हणणं हेही प्रामाणिकपणाचं नाही. त्या कालांतराने जुन्या होतात, त्यांचं वजन उतरत जातं.

उरली सहावी. पन्नास हजारांचं वैयक्तिक कर्ज, दूरच्या शहरातली एक कंपनी. तिचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. अहवालाच्या पहिल्या पानावर पत्त्यांची यादी असते. तिथे आमच्या देवणीच्या पत्त्याखाली एका शहराचा पत्ता होता आणि एक मोबाइल नंबर. दोन्ही आमचे नव्हते.

सहावीचा पाठलाग

सगळ्यांत आधी एक गोष्ट पाहायची. चौकशी म्हणजे कोणी तरी दार ठोठावलं. अहवालात कर्जखात्यांचा वेगळा भाग असतो. त्यात त्या कंपनीचं खातं दिसत असेल तर माणूस आत शिरला आहे, म्हणजे तुमच्या नावावर खरोखरच कर्ज उचललं गेलंय. मग एक दिवसही थांबू नये. माझ्या अहवालात खातं नव्हतं. जीव भांड्यात पडला.

मग दोन तक्रारी एकाच दिवशी केल्या. पहिली पत माहिती कंपनीकडे, तिच्याच संकेतस्थळावर, नोंदीवर हरकत म्हणून. ही कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते आणि तिने मान्य केलं तरच दुरुस्ती होते. म्हणून दुसरी तक्रार थेट त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. आमचा मजकूर साधारण असा होता. कुणाला लागला तर उतरवून घ्या :

"माझ्या पत अहवालात आपल्या कंपनीने अमुक तारखेला इतक्या रकमेसाठी केलेली चौकशी दिसते. मी आपल्याकडे कोणताही अर्ज केलेला नाही आणि अहवाल पाहण्याची संमती दिलेली नाही. कृपया लेखी कळवावे : अर्ज कोणत्या मार्गाने आला, त्यावर कोणता मोबाइल, पत्ता व पॅन क्रमांक होता, आणि माझ्या संमतीचा पुरावा काय. अर्ज माझा नसल्यास चौकशी रद्द करून चारही पत माहिती कंपन्यांना तसे कळवावे. तक्रारीचा क्रमांक द्यावा."

फोनवर सांगितलेलं हवेत विरून जातं. देण्याघेण्याचं लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. तक्रारीचा क्रमांक, तारीख, पाठवलेल्या मेलची छापील प्रत, सगळं मी वहीत चिकटवलं.

यामागे नियमाचं बळ आहे, तेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ ला काढलेले आदेश २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. तीस दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. ज्याच्याकडून उशीर झाला, त्याने ती द्यायची. आणि २००५ च्या कायद्यानुसार अधिकार नसताना कुणाची पत माहिती मिळवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण कुणाची मेहरबानी मागत नसतो.

चोविसाव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. अर्ज दुसऱ्याच एका बाईचा होता. तिचं नाव आणि आडनाव माझंच. जन्मतारीखही तीच, १ जून. अर्ज भरताना पॅन क्रमांकात चूक झाली आणि तिच्याऐवजी माझा अहवाल उघडला गेला. नोंद रद्द करतो, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या अहवालात ती नव्हती, तो परका पत्ता आणि नंबरही नव्हता.

१ जून हे वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपल्या मराठवाड्यात कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरच्यांना तारीख आठवत नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने ती लिहून टाकली. त्यात आपली आडनावं शेख, पठाण, सय्यद. एकेका गावात त्याच नावाच्या चार बायका सापडतील. इंग्रजीत लिहिताना शेख तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं : आधारवर एक, पॅनवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. संगणक नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल, पत्ता जुळवून माणूस ओळखतो. त्यातलं पहिलं-दुसरं इतकं सारखं आणि बाकीचं विस्कळीत असेल तर एकाची नोंद दुसऱ्याच्या फाइलीत जाणारच. म्हणून आधार, पॅन आणि पासबुक यांवर नावाची स्पेलिंग एकसारखी करून घेणं, हे आपल्या घरांसाठी पहिलं औषध आहे. ज्यांच्याकडे पॅन नाही, मतदार कार्डावर बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलंय, त्या बहिणींनी तर आपला अहवाल जरूर पाहावा. मायक्रोफायनान्सला एप्रिल २०२२ पासून नियमच आहे की साऱ्या कुटुंबाचे हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या आत राहिले पाहिजेत. दुसरीचं कर्ज तुमच्या नावावर दिसलं तर तुमचा हक्क मारला जातो.

ती दुसरी बाई कोण, मला माहीत नाही. पण तिचाही अर्ज माझ्या फाइलीमुळे अडला असेल, हा विचार मनातून गेला नाही. आम्ही महिनाभर तिला चोर समजत होतो.

सगळीकडे गैरसमजच असतो असं नाही

माझ्या बाबतीत चूक निघाली. दर वेळी तसं नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये धनी नावाच्या अ‍ॅपचा विषय देशभर गाजला होता. अनेकांना आपल्या अहवालात त्यांनी कधीच न घेतलेली कर्जं दिसली. त्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा एक पत्रकार होता. त्याच्या नावावरच्या कर्जाला पत्ते उत्तर प्रदेश आणि बिहारचे होते. मुंबईच्या एका प्रसिद्ध अभिनेत्रीच्या पॅनवर अवघ्या दोन हजारांचं कर्ज निघालं होतं. तिची नोंद दुरुस्त झाल्याचं तिने नंतर जाहीर केलं. ती नामवंत होती, तिच्याकडे लगेच लक्ष गेलं. आपल्याला वहीत तारखा लिहून तेच काम करावं लागतं, एवढाच फरक.

आणि नोव्हेंबर २०२४ मधलं मालेगाव आठवा. बाजार समितीत नोकरी लावतो असं सांगून तरुणांकडून आधार-पॅन घेतले, त्यांच्या नावाने बँकेत खाती उघडली आणि त्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरवले, अशी फिर्याद झाली. अंमलबजावणी संचालनालयाचा तपास सुरू झाला. ती खाती होती, कर्जं नव्हती. पण धडा तोच. बेरोजगार पोरगा नोकरीच्या आशेने झेरॉक्स देतो आणि पुढे तिचं काय होतं ते त्याला कळत नाही. आपण कर्ज घेत नाही, म्हणून आपल्या नावावर कुणी घेणार नाही, असं समजू नका. फसवणारा आपल्याला विचारून काम करत नाही.

तेव्हा फसवणुकीची शंका असेल, विशेषतः कर्जखातं उघडलेलं दिसलं, तर वरच्या दोन तक्रारींसोबत सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आपल्या नावावर किती सिम कार्डं चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येतं. अनोळखी सिम दिसलं तर तिथेच बंद करायला सांगा, कारण चोरीच्या कर्जाचा ओटीपी बहुधा अशाच सिमवर येतो.

आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १ सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा मोफत फोन आहे. "सिबिल साफ करून देतो" म्हणून पाच-दहा हजार मागणारे एजंट उदगीर-लातूरला बोर्ड लावून बसलेत. खरी नोंद त्यांनाही काढता येत नाही आणि खोटी नोंद काढायला आपल्याला पैसे लागत नाहीत. मग त्यांच्याकडे कशाला जायचं?

आता आमच्या घरातली शिस्त

झेरॉक्स दिली की तिच्यावर आडवं लिहायचं : कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी. ओटीपी दुकानदाराला वाचून दाखवायचा नाही. आधी विचारायचं, हा कशाचा आहे? कर्ज नाकारलं गेलं तर त्याच आठवड्यात शेजारच्या कंपनीत अर्ज टाकायचा नाही. आधी अहवाल पाहायचा. आणि दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा मोफत अहवाल, असं वर्षभर लक्ष ठेवायचं.

आणखी एक. कुणी आपला अहवाल मागवला की पत माहिती कंपनीने आपल्याला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, हाही नियम एप्रिल २०२४ पासून आहे. मला त्यातले काही संदेश आले होते. इंग्रजीत होते, मी जाहिरात समजून पुसून टाकले. तुम्ही पुसू नका, मुलांकडून वाचून घ्या. मोबाइल नंबर बदलला असेल तर बँकेत नवा नोंदवा, नाही तर तुमच्या घराची खबर जुन्या सिमवाल्याला जाईल.

ज्यांनी कधीच कर्ज घेतलं नाही, त्यांना "तुमचा सिबिलच नाही" म्हणून परत पाठवतात. केवळ जुना इतिहास नाही या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही ते मांडलं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

आमच्या बँकेच्या साहेबांनी सहा नोंदींचा खुलासा आणि कंपनीचं पत्र फाइलीला लावून घेतलं आणि मुलीचं कर्ज मंजूर झालं. तोवर पहिल्या फीची तारीख उलटायला आली होती, म्हणून ठरल्यापेक्षा दोन बांगड्या जास्त मोडाव्या लागल्या. त्यांचं दुःख नाही. मुलाला मात्र मी जवळ बसवून माफी मागितली. आईने लेकराची माफी मागितली तर तिची शान कमी होत नाही.

आणि मुलांचे अब्बा? ते फार बोलणारे नाहीत. पण परवा त्यांच्या एका मित्राला जामीन हवा होता. दारातूनच त्यांनी हाक मारली, "ती वही आण बरं. आधी त्यात लिहू, मग सहीचं बघू."

आपलं नाव ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. दुसऱ्याची अमानत आपण जिवापाड सांभाळतो. आपल्या नावाचीही कधीमधी विचारपूस करावी. या महिन्यात घरातल्या एकाचा तरी अहवाल काढा, आणि त्यात काही अनोळखी दिसलं तर घरच्यांवर आवाज चढवण्याआधी वही उघडा. तुमचे अनुभव पत्राने जरूर कळवा. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात जामीनदारकीवर सविस्तर लिहीन.